डॉक्टर म्हटले की ‘ही’च का?

परवा इंग्रजीच्या क्लासमध्ये सराव चाचणीचा कागद परत मिळाला आणि त्यातल्या एका लाल फुलीने माझे डोके असे फिरले की जळगावहून अमळनेरला पोहोचेपर्यंत गाडीत मी तोच कागद पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. प्रश्न रिकाम्या जागेचा होता. ‘द डॉक्टर वॉज लेट बिकॉज’ एवढे शब्द, मग रिकामी जागा, आणि पुढे ‘हॅड अ पंक्चर’. मी तिथे ‘शी’, म्हणजे ती, असे लिहिले. उत्तरसूचीत इंग्रजीतले ‘ही’, म्हणजे तो, असे होते, म्हणून माझा गुण गेला. त्या वाक्यात डॉक्टर पुरुष आहे असे सांगणारे एकही अक्षर नाही. व्याकरणाने तिथे ‘ही’ चालते, ‘शी’ चालते आणि आजच्या इंग्रजीत एकट्या व्यक्तीसाठी ‘दे’ (एरवी ‘ते’ या अनेकवचनाचा शब्द) हेसुद्धा चालते. मी हे सरांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “बेटा, परीक्षेत एवढा वाद घालायचा नसतो. खालच्या प्रश्नात नर्स आहे, तिथे ‘शी’ बरोबर दिलेच आहे ना तुला!”

मला राग आला तो या उत्तराचा. मराठीत क्रियापद आले की बहुतेकदा लिंग ठरवावे लागते, डॉक्टर ‘आले’ की ‘आल्या’ हे बोलणाऱ्याला निवडावेच लागते, आणि आमच्या वर्गात ही निवड नेहमी एकाच बाजूने होते. इंजिनिअर आला, मॅनेजर आला, वैमानिक आला. आली ती फक्त नर्स, शिक्षिका आणि कामवाली. इंग्रजी वाक्यात जो भेद नव्हताच तो आमच्याकडे भाषांतर करताना आत शिरतो आणि उत्तरसूचीत जाऊन बसतो. आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात मॅडमच डॉक्टर आहेत. त्यांच्या स्कूटीचे चाक खरोखर पंक्चर झालेले मी पाहिले आहे.

फुलीचे सोडा, त्याहून मोठा संताप नोट्सचा आहे. मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करते आहे. त्या परीक्षेत बोलण्याच्या दुसऱ्या भागात एक कार्ड हातात देतात, विचार करायला १ मिनिट मिळते आणि मग २ मिनिटांपर्यंत बोलायचे असते. ‘शिकायला आवडेल असे एखादे कौशल्य’ या कार्डासाठी आमच्या क्लासने दोन वेगळी तयार उत्तरे छापली आहेत. मुलांच्या कागदावर पोहणे आणि गाडी चालवणे आहे, मुलींच्या कागदावर स्वयंपाक आणि मेंदी. ‘तुम्हाला आदर वाटणारी व्यक्ती’ या कार्डाला मुलांनी आईविषयी बोलायचे, आणि ती आई कशी, तर पहाटे पाचला उठणारी, सगळ्यांनंतर जेवणारी, कधीही तक्रार न करणारी.

माझी माय तशी नाही. ती तक्रार करते, आणि मोठ्याने करते. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी काट्यावर एकेका बाईचे गाठोडे लागते तेव्हा माय शेजारी वही घेऊन बसते. नाव, किलो, दर, आगाऊ दिलेले पैसे, उरलेले पैसे, असे सगळे ती बोथट पेन्सिलीने लिहिते आणि बेरीज तोंडी करते. व्यापाऱ्याने वजन कमी धरले, तर ती गाडी हलू देत नाही. त्याच मायच्या मुलीने परीक्षकासमोर बसून ‘गर्ल्स आर नॅचरली वीक इन मॅथ्स’ हे वाक्य सफाईने म्हणावे अशी क्लासची अपेक्षा आहे, कारण काही कामे पुरुषांना अधिक जमतात का, असा प्रश्न आला तर देण्यासाठी ते नोट्समध्ये ठळक अक्षरांत छापले आहे.

बरे, या वाक्याने गुण तरी मिळतात का? या परीक्षेत मत तपासतच नाहीत. बोलण्यात ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टी पाहतात. लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्दांचा निबंध असतो आणि तिथे तर सरसकट विधाने करण्याची सवय हा उणेपणा धरला जातो, तसे गुणांच्या निकषांतच लिहिले आहे. ‘सर्व स्त्रिया भावनाप्रधान असतात’ यापेक्षा अधिक सरसकट विधान कोणते असणार? शिवाय पाठ केलेले उत्तर परीक्षकाला ओळखू येते. म्हणजे बाईला कमी लेखणारे वाक्य घोकायचे, त्यासाठी फी भरायची आणि त्याच वाक्यापायी गुणही घालवायचे.

हे सगळे जळगावात शिकवले जाते. याच शहराच्या मूळजी जेठा महाविद्यालयात प्रतिभाताई पाटील टेबल टेनिस खेळत होत्या आणि २००७ ते २०१२ या काळात त्या देशाच्या राष्ट्रपती होत्या. तरी आमच्या नोट्समध्ये खेळ या विषयावर मुलींचे उत्तर ‘मला भावाचा सामना बघायला आवडतो’ असे आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबरोबर भाजी साफ करणारे वडील दाखवले. दुसरीच्या लेकरांना जे चित्र दिसले, ते चोवीस वर्षांच्या आम्हा मुलींच्या हातात यायला कोणती अडचण आहे?

सर वाईट माणूस नाहीत, हेही सांगते. अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या आम्हा मुलामुलींचे उच्चार त्यांनी इतक्या चिकाटीने सुधारून घेतले की त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणूनच ‘नोट्स वर्षानुवर्षे अशाच आहेत, आता कोण बदलणार’ हे त्यांचे उत्तर मला पटत नाही. दोन पाने नव्याने छापायला किती वेळ लागतो? ती पाने मी लिहून देते, टंकलेखनही मीच करते.

सोमवारी मी तो कागद पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. ‘शी’ आणि ‘दे’ ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरा, नाहीतर तो प्रश्नच काढून टाका, एवढेच मागणार आहे. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने आधी ‘शी’ लिहून मग खोडून ‘ही’ केले होते. तिला पूर्ण गुण मिळाले.