पाणी पैठणहून येतं, पण गुण विहिरीला

आज घटक चाचणीचे पेपर घरी आले. लेक पाचवीत आहे. परिसर अभ्यासात प्रश्न होता, 'तुमच्या घरी पाणी कोठून येते?' हिने लिहिलं, 'पैठणहून येते. आठ दिवसांनी येते म्हणून हौदात साठवतो. वरच्या मजल्यावरच्या आजींना बादल्या चढवायला त्रास होतो.' त्यावर लाल पेनाने भलीमोठी फुली आणि खाली 'नदी, विहीर, तलाव, कूपनलिका.' दोनपैकी शून्य.

डोकंच सणकलं. अहो, छत्रपती संभाजीनगरात राहतो आपण! 'नळ कधी येणार' हे विचारून पाहुण्यांना बोलावणारं गाव हे. आमच्या कॉलनीत विहीर दाखवा, मी पोरीला स्वतः शून्य देते.

आता पुस्तक उघडा. पहिल्या धड्याच्या आधी अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचा, तक्ता छापलेला असतो, तो सगळे उलटून पुढे जातात. 2017 साली एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राच्या शालेय अभ्यासक्रम बघणाऱ्या संस्थेने, या निष्पत्ती काढल्या आणि त्याच वर्षी त्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत आल्या. म्हणजे हौसेचा मामला नाही. पाचवीच्या मुलाने काय करावं म्हणतात? अन्न-पाणी आपल्यापर्यंत कसं पोचतं ते सांगावं. अंतर, वजन अंदाजाने सांगून मग मोजून बघावं. आजूबाजूला जे दिसतं, सोसावं लागतं, त्यावर मत मांडावं आणि ते समाजातल्या मोठ्या प्रश्नांशी जोडावं. आजींच्या बादल्या म्हणजे दुसरं काय आहे हो? तिने तीन ओळींत तक्ता पुरा केला आणि तिलाच फुली.

राग बाजूला ठेवून सांगते, त्या एका उत्तरावर आठवडाभर वर्ग चालला असता. पैठण आपल्या शहरापेक्षा शंभरेक मीटर खाली आहे. मग पाणी वर कसं चढतं? पंप कशावर चालतात, वीज गेली की काय होतं? हे विज्ञान. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी घातला, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, मधल्या काळात शंभरावर गावं पाण्याखाली गेली. ती माणसं कुठे गेली? वर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही यावरून पाऊस कमी झाला की जुंपते, ती का? हे नागरिकशास्त्र. आणि इतिहास हवा असेल तर पाणचक्की, म्हणजे पाण्यावर फिरणारी जुनी पिठाची गिरणी, आणि गावात पाणी आणणाऱ्या जुन्या नहरी आहेतच. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकात वसवलेलं हे गाव, त्याने डोंगरातून नहर आणली, खापराचे नळ घातले, हवा सुटायला मधे मधे मनोरे बांधले. विजेशिवाय, नुसत्या उतारावर पाणी गावात! मुलांना तिथे नेतात कधी? सहलीला. आइस्क्रीम खाऊन, फोटो काढून परत. पाणचक्कीचं पातं कशामुळे फिरतं हे माझ्या लेकीला तिथल्या एका आजोबांनी समजावलं, शाळेने नाही.

पण पाचवीत विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र परिसर अभ्यासाच्या भाग एकमध्ये आणि इतिहास भाग दोनमध्ये. भाग दोनमध्ये पोरं अश्मयुगात असतात, मलिक अंबर फार लांब राहिला. एकमेकांकडे बघायचं नाही असं दोन्ही पुस्तकांचं ठरलेलं दिसतं.

बरं, मान्य. मॅडमकडे पन्नास पोरं, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, आणि प्रत्येकाचं वेगळं उत्तर तपासायला वेळ लागतो.

तरीही. 'पैठण' वाचून फुली मारायलाही दोन सेकंद लागतात आणि बरोबरची खूण करायलाही दोनच. त्या मॅडमच्या घरी पाणी कुठून येतं? पैठणहूनच येतं ना! त्या स्वतः हौद भरतात, मोटर लावून रात्री जागतात, सकाळी शाळेत येतात आणि गाइडमधलं उत्तर खरं मानतात. आणि वर्षाअखेरीस आकारिक नोंदवहीत, म्हणजे वर्षभराच्या मूल्यमापनाच्या वहीत, माझ्या मुलीपुढे लिहिलेलं असणार, 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करते, स्वतःचे मत मांडते.' ती वाक्यंसुद्धा व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली. सगळ्या पोरांपुढे तीच.

मॅडमवर जरा जास्तच घसरले बहुतेक. वाईट नाहीत त्या, पोरांना जीव लावतात. पण लेक आता मला विचारतेय, 'आई, पुढच्या वेळी विहीर लिहू का?' याला काय उत्तर देऊ? आजींचं नाव लिहून गुण जातात हे ती एकदा शिकली की पुढची सगळी वर्षं ती विहीरच लिहिणार. हुशार आहे ती.

शनिवारी पालकसभा आहे. मी पुस्तक घेऊन जाणार, तक्त्याचं पान दुमडून ठेवलंय. गुण वाढवून मागणार नाही, फक्त ते पान मोठ्याने वाचून दाखवणार. पाचवीचे बाकी पालक येताय ना? आणि कुणाच्या शाळेत खरंच पोरांना धरणावर, नहरीवर, पाण्याच्या टाकीवर नेऊन शिकवत असतील तर खाली लिहा. शाळेचं नाव घालून लिहा, चांगल्याचं नाव घ्यायला कसली भीती.