उक्त सदनिकेतील दुधाबाबत

कर्वेनगरातल्या आमच्या फ्लॅटचा मालकाशी झालेला करार ११ महिन्यांचा. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. आम्ही चौघांनी अंगठे टेकवले आणि एक अक्षर न वाचता मोकळे झालो. चौघंही पदवीधर, पण त्या दिवशी अंगठेबहाद्दर.

आपसात करार करायची वेळ सिलिंडरनं आणली. १४.२ किलोचा गॅस अठरा दिवसांत संपला.

"हा दोन-दोन तास मटण रटरटवत बसते ना बे!" नागपूरकर.

"आणि तू दिवसातनं सहा वेळा चहा टाकतोस, ते काय उदबत्तीवर व्हय रं?" कोल्हापूरकर.

मसुदा सोलापूरकरानं लिहायला घेतला. तो तिसऱ्यांदा एमपीएससी देतोय, त्यामुळे त्याला साधं मराठी येईनासं झालंय. "उक्त सदनिकेतील दूध, ते आणणाऱ्या सदस्याच्या पूर्वसंमतीशिवाय अन्य सदस्य प्राशन करणार नाही. परंतु चहापुरते घेतलेले दूध हे प्राशन समजले जाणार नाही." या 'परंतु'वर दीड तास गेला. चहापुरतं म्हणजे किती, हे नागपूरकराला विचारलं तर पातेलं लागतं.

विजेचं बिल समान वाटायचं, हे कलम पाचच मिनिटं टिकलं. १०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो आणि ते एकशे एकावं युनिट कुणाच्या गिझरचं, याबद्दल तिघांचं विलक्षण एकमत निघालं. मी अंघोळीला वीस मिनिटं घेतो, हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं.

सगळ्यात नाजूक कलम 'पाहुणा'. नागपूरकराचा मावसभाऊ गणपतीत दोन दिवसांसाठी आला होता. आता दिवाळीचा फराळही संपलाय. तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम झाल्यास भाडं, असं ठरलं. तो हॉलमधल्या गादीवर आडवा पडून सगळं ऐकत होता, मधूनच सोलापूरकराचं शुद्धलेखन सुधारत होता.

मग स्टँप पेपर. शंभराच्या स्टँपवर भागायचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्येच संपले, आता ५००. म्हणजे डोई सव्वाशे. "त्यात दीड-दोन लिटर दूध येतंय की," कोल्हापूरकर म्हणाला, आणि करार झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर झाला.

सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून घरात एकच त्रयस्थ इसम उपलब्ध होता. त्यानं वळणदार सही केली आणि पत्त्याच्या ओळीत आमच्याच फ्लॅटचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट.