चार मित्र, चार लेख, सोळा नावे

विद्यार्थी-संशोधकांना 'सोपी युक्ती' सांगणारा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. तो आता माझ्या भाचीपर्यंत पोहोचला असून ती आपला पहिलाच लेख पाठवण्याच्या तयारीत असल्यामुळे हे लिहिणे भाग पडले. संदेशाचा दावा असा की, विद्यार्थ्यांची नियतकालिके केवळ सरावासाठी असतात, त्यामुळे तिथे प्रकाशनाचे नैतिक नियम लागू होत नाहीत. चार मित्रांनी एकेक लेख लिहून प्रत्येकावर चौघांची नावे घालावीत, सॉफ्टवेअरने दाखवलेले इतर मजकुराशी साम्य दहा टक्क्यांच्या आत असेल तर लेख स्वतंत्र समजावा, तो एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवावा आणि आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख-क्रमांक दिसला की नियतकालिक मान्यताप्राप्त धरावे, असे सल्ले त्यात पुढे दिले आहेत.

'केवळ सराव' हे गृहीतकच टिकत नाही. अमेरिकेतील 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू' हे कायदा-नियतकालिक १८८७ मध्ये सुरू झाले आणि त्याचे संपादन विद्यार्थीच करतात. खासगीपणाच्या हक्काची कायदेशीर मांडणी करणारा वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांचा १८९० चा लेख तिथेच छापला गेला. छापलेल्या मजकुरावर पुढचा संशोधक विसंबतो, तेव्हा संपादक कितव्या वर्षात शिकत होता याची चौकशी तो करत नाही.

सर्वांत घातक सल्ला नावांच्या वाटपाचा आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत: संशोधनाची आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक दुरुस्ती; अंतिम प्रतीला मान्यता; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारणे. चारही अटी पूर्ण करणाराच लेखक ठरतो. नुसती भाषा तपासणाऱ्याचे किंवा केवळ सर्वसाधारण देखरेख करणाऱ्याचे स्थान ऋणनिर्देशात असते, मग तो मार्गदर्शक का असेना. ही समिती वैद्यकशास्त्राची असली, तरी तिचा तर्क कोणत्याही विषयाला लागू पडतो. चौथी अट तर या युक्तीचा पायाच काढून घेते, कारण उद्या एखाद्या लेखातील आकडेवारी बनावट निघाली, तर तो लेख कधी न वाचलेल्या तिघांनाही त्याचे उत्तर द्यावे लागेल. शिवाय नंतर नाव काढून घेणेही सोपे नाही. संपादक त्याचे स्पष्टीकरण आणि सर्व लेखकांची सहीनिशी संमती मागतात. ज्येष्ठ प्राध्यापकही अशी फुकटची नावे लावून घेतात, हा संदेशातील टोमणा दुर्दैवाने खरा आहे, पण त्यावरून विद्यार्थ्यांना परवाना कसा मिळतो, हे मला कळलेले नाही.

साम्याच्या टक्केवारीबद्दल एवढेच सांगतो की, सॉफ्टवेअर शब्द जुळवते, चोरी ओळखत नाही. अवतरणचिन्हांतील मजकूर आणि संदर्भसूची यांमुळे प्रामाणिक लेखाचा आकडा फुगू शकतो, तर दुसऱ्याचा युक्तिवाद शब्द बदलून उचलणारा लेख पाच टक्क्यांतही सुटतो.

एकाच वेळी अनेक ठिकाणी लेख पाठवण्याबाबत मात्र अर्धे सत्य मान्य केले पाहिजे: अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित कायदा-नियतकालिकांत ही पद्धत उघडपणे रूढ आहे. तिथे ती संपादकांना माहीत असते आणि त्यांना चालते. इतर बहुतेक विद्याशाखांत लेख अन्यत्र विचाराधीन नाही, असे लेखकाकडून वदवून घेतले जाते. तिथे तोच लेख चार ठिकाणी धाडणे म्हणजे सरळ खोटे बोलणे होय, आणि त्यात परीक्षकांचे बहुधा विनामोबदला केलेले श्रमही वाया जातात.

राहिला आयएसएसएन. हा क्रमांक नियतकालिकाचे शीर्षक ओळखण्यापुरता दिला जातो, तो देताना लेखांचे परीक्षण कोणी करत नाही, त्यामुळे पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकावरही तो तितक्याच दिमाखात झळकतो.