'एक सीटी म्हणजे ४०० एक्स-रे': त्या संदेशातले खरे किती, खोटे किती

व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. एक सीटी स्कॅन म्हणजे ४०० एक्स-रे, म्हणजे कॅन्सरला आमंत्रण, हे रेडिएशन शरीरात साठून राहते, एमआरआयही त्यातलाच, सोनोग्राफीचे किरण पोटातल्या बाळाला घातक, म्हणून तर त्यावर एवढे कडक कायदे, मॅमोग्राफीत स्तन दाबल्याने गाठ पसरते. आणि शेवटी सल्ला: डॉक्टरांनी सांगितले तरी स्कॅन करू नका. या शेवटच्या ओळीमुळेच उत्तर द्यावेसे वाटले. डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साचत असेल, तर ते मिनिटांत दाखवणारी तपासणी सीटीच आहे. ती टाळली तर जीव जाऊ शकतो.

आधी तो ४०० चा आकडा. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, घराघरांत एचआरसीटीच्या, म्हणजे छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटीच्या, स्कोअरची चर्चा होती आणि साधा ताप असलेले लोकही स्कॅन करून घेत होते. तेव्हा दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी छातीच्या ३०० ते ४०० एक्स-रेंइतका असतो. सौम्य आजारात सीटी नको, हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. पण रेडिऑलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने आकड्याला लगेच हरकत घेतली: आजच्या यंत्रांवर कमी मात्रेचा, म्हणजे कमी रेडिएशनचा, स्कॅन ५ ते १० एक्स-रेंइतकाच भरतो.

एवढी तफावत कशी? छातीचा समोरून काढलेला एक एक्स-रे साधारण ०.०२ मिलिसिव्हर्टचा (शरीराला मिळणारे रेडिएशन मोजण्याचे हे एकक), समोरून आणि बाजूने असे दोन मिळून धरले तर ०.१ च्या आसपास. छातीचा नेहमीचा सीटी सुमारे ७ मिलिसिव्हर्ट, कमी मात्रेचा १ ते १.५. आता ७ ला ०.०२ ने भागा, ३५० येतात. १ ला ०.१ ने भागा, १० येतात. म्हणजे आकडा हवेतून आलेला नाही, पण प्रत्येक सीटीला तो चिकटवणे चूक आहे.

शिवाय 'इतके एक्स-रे' हे मापच भीती घालणारे आहे, कारण मुळात एक एक्स-रे फार क्षुल्लक असतो. माती, हवा, अन्न आणि अंतराळ यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. केरळमधल्या करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियम या किरणोत्सारी धातूमुळे काही ठिकाणी ते याच्या कितीतरी पट आहेत, आणि तिथल्या दीर्घ अभ्यासात त्यामुळे कॅन्सर वाढल्याचे दिसले नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाचा अंदाज असा, की १० मिलिसिव्हर्टच्या तपासणीने कॅन्सरने मरण्याची शक्यता २००० त सुमारे एकाने वाढू शकते. तिथे एरवीही पाचांतला एक माणूस कॅन्सरनेच जातो. धोका लहान आहे, शून्य नाही. अपघातातल्या रुग्णापुढे तो नगण्य ठरतो. 'एकदा सगळे तपासून टाकू' म्हणून केलेल्या स्कॅनपुढे मात्र नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी त्या संदेशाची काळजी रास्त मानतो. युरोपातल्या नऊ देशांतल्या सुमारे साडेनऊ लाख मुला-तरुणांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सीटी झालेल्या दर १०,००० मुलांमागे पुढच्या १२ वर्षांत एक ते दोघांना त्यामुळे रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून मुलाच्या पोटदुखीत आधी सोनोग्राफीवर भागेल का, हे विचारायलाच हवे. सीटी लागलाच तर मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे लावणार ना, हेही विचारा. प्रश्न आवडला नाही तरी विचारा.

रेडिएशन साठून राहते हा दावा एक्स-रे आणि सीटीपुरता साफ चूक. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसे यंत्र थांबले की किरण उरत नाहीत. बोन स्कॅन किंवा पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषध टोचतात, ते काही तास राहते: बोन स्कॅनमधले टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मे होते, पेटमधले फ्लोरिन ११० मिनिटांनी. म्हणूनच त्या दिवशी तान्ह्या बाळांपासून आणि गरोदर बायकांपासून दूर राहायला सांगतात.

एमआरआयमध्ये एक्स-रेसारखे रेडिएशन नसतेच. तिथे चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. संदेशाने जिथे धोका नाही तिथे दाखवला आणि जो खरा आहे तो सांगितलाच नाही, याचे मला फार वाईट वाटते. हा चुंबक स्कॅन चालू नसतानाही, रात्रीसुद्धा, चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, सिलिंडरसकट ओढला गेला आणि दगावला. नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या टाटा केंद्रात दोन कर्मचारी असेच सिलिंडर आणि यंत्र यांच्यात काही तास अडकले होते. पेसमेकर, मेंदूतल्या क्लिपा, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळे आधी सांगा. नातेवाइकांनी तर दारातच थांबावे.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा आला तो मुलींचे गर्भ पाडले जात होते म्हणून, किरणांमुळे नव्हे.

मॅमोग्राफीने गाठ पसरते याला पुरावा नाही. स्तन दाबतात ते चित्र स्पष्ट यावे आणि मात्रा कमी लागावी म्हणून, ती ०.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. भारतात बायकांना सर्वाधिक होणारा कॅन्सर स्तनाचाच आहे, आणि अनेकींना तो उशिरा कळतो. स्तनात हाताला गाठ लागली असेल आणि या संदेशामुळे तुम्ही थांबला असाल, तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. जुन्या फिल्म आणि सीडी असतील तर सोबत न्या, म्हणजे तेच स्कॅन पुन्हा करावे लागणार नाहीत.