एक काम होतं तुमच्याकडे

परवा रात्री साडेनऊला भाची घरी आली ती रडवेली होऊनच. इथे बडोद्यात, अलकापुरीतल्या एका ऑफिसात लागून तिला चारच महिने झालेत. काम सगळं इंग्लंडच्या लोकांशी, मेलवर. तिकडच्या बाईंनी तक्रार केली म्हणे, ही मुलगी हुकूम सोडल्यासारखं लिहिते. "मावशी, मी प्रत्येक वाक्यात प्लीज लिहिते गं!" म्हणत तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'प्लीज सेंड द फाइल टुडे.' प्लीज होतंच की.

दांडिया बाजारात इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, म्हणून ठामपणे सांगते, चूक तिची नाही. प्लीज लावलं की झालं वाक्य नम्र, हे आपणच शाळेत मुलांच्या डोक्यात भरवतो. अहो, 'सेंड' ही आज्ञाच. प्लीज लावून ती सभ्य होते, पण विनंती होत नाही. आपल्याकडे 'पाठव'चं 'पाठवा' केलं की मान आला. इंग्रजीतही एके काळी 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही असा फरक होता. दाऊ बोलण्यातून गेलं आणि सगळ्यांना एकच यू उरलं. मग मान ठेवायचा कुठे? तो प्रश्नात ठेवला, आणि भूतकाळात. 'कॅन'चं 'कुड', 'विल'चं 'वुड', आणि फारच संकोच असला तर 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...'

हा भूतकाळ मुलांना कळत नाही. मी विचारते, शेजारच्या काकांकडे शिडी मागायला गेलात तर काय म्हणता? "काका, जरा एक काम होतं." काम तर आत्ता आहे, मग 'होतं' कशाला? वर्ग गप्प होतो. गुजरातीतही आपण 'एक काम हतुं' असंच म्हणतो. एक पाऊल मागे सरकून मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. 'कुड' तेच करतं. खंडेराव मार्केटात भाजीवालीला 'आपजो ने', म्हणजे 'द्या ना', आणि घरी आजीला 'देतेस का गं जरा' म्हणणाऱ्या बडोद्याच्या पोरांना हे नवीन नाही, फक्त कोणी दाखवून दिलेलं नसतं.

आणि 'मराठीत प्लीजला शब्दच नाही, आपण उद्धटच' असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. 'कृपया' आपण पाटीवर लिहितो, बोलताना वापरत नाही, हे खरं. पण 'तेवढं दार लावून घेतोस का' यातलं 'तेवढं' काय करतं ते ऐका ना जरा!

'वुड यू माइंड'बद्दल मात्र आपली भाषा पटकन मदतीला येत नाही. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात एका परदेशी बाईंनी माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, "वुड यू माइंड टेकिंग अवर फोटो?" हा उत्साहाने म्हणाला, "येस, येस!" बाईंनी पुढे केलेला फोन मागे घेतला, सॉरी म्हणाल्या आणि निघून गेल्या. 'तुमची हरकत आहे का?' याला तो 'हो, हो' म्हणाला होता. म्हणायचं होतं, 'नॉट ॲट ऑल.' पोरगा दिवसभर खट्टू होता. अशा वेळी मराठीत 'हरकत नाही' म्हणून बघायचं मनात, म्हणजे 'नो' आपोआप येतं.

आज्ञा इंग्रजीत नेहमीच वाईट असंही नाही. 'कम इन, सिट डाउन, हॅव सम टी' अगदी प्रेमाचं आहे, कारण त्यात फायदा समोरच्याचा. स्वतःसाठी मागायचं तेव्हा प्रश्न करायचा.

त्या रात्री आम्ही दोघींनी डायनिंग टेबलावर बसून वाक्य बदललं. 'कुड यू सेंड मी द फाइल टुडे, इफ पॉसिबल?' तिने एक 'प्लीज'ही घालू का विचारलं. म्हटलं, घाल, आता ते शोभतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. फाइल आली होती, सोबत बाईंची एक ओळ, 'ऑफ कोर्स, हिअर यू गो.'