चिलापीचा ताळेबंद

आमिष संपलं. मासे होते, तंगूस म्हणजे गळाची नायलॉन दोरी होती, ऊन उतरलं होतं, वारा पडला होता, आणि ऐन वेळेला आमिष संपलं. माशांनी खाल्लं असतं तर मी चकार शब्द काढला नसता.

ठिकाण उजनीचा फुगवटा, भिगवणच्या बाजूचा काठ, मागचा रविवार. मे महिन्यात उजनी बहुतेक वर्षी 'मायनस'मध्ये असते. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा. वरचं ५३ संपलं की टक्केवारी शून्याखाली उतरते आणि पेपरात 'उजनी वजा अमुक टक्के' असं छापून येतं. गळवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच, की पाणी काठापासून लांब पळालेलं असतं आणि मधे गाळ असतो. वरून भेगाळलेला, कोरडा खट्ट. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. चकाकणारा ओला पट्टा दिसला की तिकडे जायचंच नाही. मुरूम, गोटे किंवा बुडालेल्या गावाचा जुना रस्ता जिथे उघडा पडलाय, तिथूनच पाण्याकडे उतरायचं. पळसदेवचं जुनं देऊळ याच दिवसांत वर येतं. बघायला गर्दी होते, फोटो निघतात. पण असं एखादं गाव पाण्याखाली अजून शिल्लक असेल तर त्याचे चौथरे आणि वेड्या बाभळी गळवाल्याला न बघताच कळतात. गळ अडकतो, तो सुटत नाही.

एवढं सगळं सांभाळून बैठक मारली आणि मागून आवाज आला, "काय गावतंय का?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. 'नाही' म्हटलं तर माणूस थांबतो, कारण त्याला कीव येते. 'हो' म्हटलं तरी थांबतो, कारण त्याला बघायचं असतं.

पांढरा नेहरूशर्ट, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, वय सत्तरीच्या पुढे. हे आबा. त्यांची पाण्याची मोटर तिथेच कडेला होती. पाणी मागे सरकलं की मोटर आणि पाइप घेऊन शेतकऱ्यालाही पाण्यामागे जावं लागतं, तशी तीही पुढे आणलेली. सहाला मोटरीची थ्री-फेज लाईट येणार होती. तोवर त्यांना काम नव्हतं आणि समोर मी होतो.

मी गळ बांधत होतो. तंगूस नेढ्यातून ओवायची, मूळ दोरीभोवती ५-६ वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या पहिल्या फाशातून काढायचं, थुंकीने ओलं करायचं आणि मगच आवळायचं. कोरडं ओढलं तर घासून नायलॉन तापतं, तिथेच कमजोर होतं आणि मोठा मासा बरोबर तिथेच तोडतो. आबांनी हे सगळं शांतपणे पाहिलं.

"गाठीला थुकी लावली. मासा बाटला की."

मग गळाकडे बोट. "ह्यो किती नंबरचा?"

"८."

"आन् त्यो डबीतला बारका?"

"१२."

"बारक्याला नंबर मोठा? ह्यो हिशेब कुणी मांडलाय?"

खरंच कुणी मांडलाय ते मलाही माहीत नाही. नंबर वाढेल तसा गळ लहान होतो; नंबर उतरत १ पर्यंत आला की पुढे १/०, २/० असं उलटं सुरू होतं आणि मग नंबर वाढेल तसा गळ मोठा होत जातो. हे समजावून सांगितलं ही माझी पहिली चूक. आबा गावच्या सोसायटीत गटसचिव होते, ३५ वर्षं दप्तर सांभाळलेलं. उलटी चालणारी आकडेवारी ऐकून त्यांच्यातला निवृत्त माणूस जागा झाला आणि ते माझ्या पिशवीवर बसले.

दुसरी चूक म्हणजे मी आमिषाचा डबा उघडला.

हे आमिष रोहू-मृगळासाठीचं. पाव किलो बेसन कोरडंच खमंग भाजायचं, तेवढीच शेंगदाण्याची पेंड कुटून घालायची, एक पूर्ण पिकलेलं केळं, लिंबाएवढा गूळ, चमचाभर तूप आणि बडीशेपेची पूड. बांधायला मूठभर मैदा. पाणी जवळपास नाहीच. गळावर बोराएवढी गोळी बसली पाहिजे आणि ती पाण्यात निदान १० मिनिटं टिकली पाहिजे. दोन मिनिटांत सुटली तर मैदा कमी पडला. तासाभराने तशीच परत आली तर जास्त झाला, वास पाण्यात उतरतच नाही. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधे, मृगळ तळाशी. त्यामुळे तरंग्यापासून गळापर्यंतची दोरी किती सोडता यावर बरंच ठरतं.

आबांनी डब्यात पाहिलं, दोन बोटांनी चिमूट घेतली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली.

"लाडू बरा झालाय," म्हणाले.

मी सांगायला हवं होतं. पण वडीलधाऱ्या माळकऱ्याने प्रसादासारखं कपाळाला लावून खाल्लेलं असताना 'आबा, ते माशांचं आहे' हे तोंडातून निघेना. गांडुळांची डबी वेगळी होती. माझे हात मात्र वेगळे नव्हते.

तेवढ्यात तरंगा बुडाला. चिलापी. त्यानंतर आणखी दोन, तिन्ही हाताच्या पंजाएवढ्या. चिलापी हा मासा मूळ आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जगतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. गळातून सोडवताना पाठीवरचे काटे लागतात. हात डोक्याकडून शेपटीकडे सरकवत काटे दाबून धरायचे. मी ते करत होतो आणि आबा हिशेबाला बसले. हिशेब आला की त्यांची भाषाच बदलायची, थेट दप्तरी.

"इंधन खर्च?"

"५०० रुपये. पुण्याहून मोटरसायकलने."

"साहित्य, म्हणजे काठी, रीळ वगैरे?"

"४,२००."

"दरसाल १५ टक्के घसारा. ६३०. वर्षाला फेऱ्या?"

"१२ असतील."

"फेरीला साडेबावन्न." चिमूट. "नाश्ता?"

"६०."

"आमिष?"

"९०," म्हणताना माझा घसा जरा कोरडा पडला.

चिमूट. "एकूण ७०२ रुपये ५० पैसे." मग तिन्ही चिलाप्या तळहातावर तोलल्या. "४०० ग्रॅम. आतडी धरून. साफ केल्यावर भरणार नाही, पण ते तुमच्या बाजूनं सोडून देतो. किलोला १,७५६ रुपये २५ पैसे."

समोरच्या पाण्यात रोहित पक्षी माना घालून विनाहिशेब जेवत होते.

"पाव्हणं, ह्येच्यात दोन किलो मटण येतं."

"तुम्ही माळकरी ना?"

"मी खात न्हाय. दर म्हाईत असावा मानसाला."

मी म्हटलं, लोक इथे चिलापीसाठी येत नाहीत, संध्याकाळच्या पाण्यासाठी येतात. त्यावर त्यांनी पाण्याकडे नुसतं बोट दाखवलं. काठाला हिरवा दाट तवंग, थर्माकोलचे तुकडे, कुणीतरी सोडून दिलेलं तंगुशीचं जाळं. त्याचं भोक इतकं बारीक की बोटभर पिल्लूही सुटू नये. असं टाकलेलं जाळं मासे मारतच राहतं, कुणी ते उचलो न उचलो. चिडायचा हक्क माझा होता, पण आबा आधी बोलले, "ह्यो हिरवा रंग तुमच्या पुण्याचा." मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्याचं सांडपाणी घेऊन ती इथे येते, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काठावरच्या दारूच्या बाटल्याही बहुधा आमच्याकडच्याच. रविवारी येणारे आम्हीच की.

पावणेसहा वाजले. सूर्यास्ताआधीचा तास आला की रोहू काठाकडे सरकतो. रीळची ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारा ब्रेक, मी मुद्दाम सैल करून ठेवली होती. तंगूस जेवढ्या जोराने तुटते त्याच्या पाव ते एक तृतीयांश जोराला सुटली पाहिजे, नाहीतर पहिल्याच हिसक्याला खेळ खलास. उथळ पाण्यात मोठी लाट फिरली. मी डब्यात हात घातला. डबा बोटांनी पुसून घेतल्यासारखा लख्ख.

"लाडू..." मी म्हणालो.

"संपला," आबा म्हणाले. "का वो?"

मग मात्र मी सांगितलं.

आबा काही क्षण गप्प बसले. माळेला हात गेला. "अंडं, मासळी काय न्हाय ना त्यात?"

"नाही. बेसन, पेंड, केळं."

"मग हरकत नाही." पुन्हा दप्तरी. "दोन तास तुम्ही वापरलं, शेवटचं पाव मी. ९० चं पाव साडेबावीस. ते तुमच्या खर्चातून वजा. राहिले ६८०. भागिले ४०० ग्रॅम..." आणि चेहरा उजळला. "१,७००! बरोब्बर! एक पैसा वर न्हाय!"

लाईट आली. त्यांनी पेटीकडे जाऊन बटण दाबलं, मोटर धडधडली आणि उथळातली ती लाट जी वळली ती परत आलीच नाही. माझ्याकडे गांडुळं होती, पण रोहूने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काठी घडी करून मी वर चढलो तेव्हा आबा दारं धरायला निघाले होते. लांबूनच ओरडले, "पुढच्या टायमाला गूळ जरा वाढवा!"

गूळ वाढवला की त्याला पाणी सुटतं आणि गोळी गळावर टिकत नाही.