दुचाकीवाल्यांनो, जरा समजुतीने घ्या

मुंबईत नवी स्कूटर घेतलीत, अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे शोरूमचं बिल कपाटात ठेवून द्या आणि पुन्हा काढू नका. त्यात रोड टॅक्सचे दहा-अकरा टक्के दिसतील आणि उगाच मनात येईल, की टॅक्स भरला म्हणजे रोड आपलाही झाला. असले विचार चारचाकीवाल्यांना शोभतात. पंपावर पेट्रोलच्या लिटरमागचा कर मात्र तुम्हाला आणि एसयूव्हीवाल्याला अगदी सारखा. सरकार भेदभाव करत नाही, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

मन असं तयार झालं की वांद्र्याला या. समोर सागरी सेतू दिसेल. 2009 साली खुला झाला, तुम्हाला तेव्हापासून बंद आहे. समुद्रावरच्या वाऱ्याने तुम्ही उडून जाल, ही काळजी. ठीक आहे, मानू. पण बंदी किनारी रस्त्यावरही आहे आणि त्याचे दोन-दोन किलोमीटरचे बोगदे मलबार हिलच्या पोटातून जातात, तिथे कुठला आलाय वारा? आणि जेजे उड्डाणपुलाच्या आसपास तर समुद्रच नाही, तिथे कशाला बंदी? हे विचारू नका. कोणी आपली काळजी करत असेल तर त्याची उलटतपासणी घ्यायची नसते.

किनारी रस्त्यावर टोलही नाही. तेरा-चौदा हजार कोटी रुपये महापालिकेच्या तिजोरीतून गेले, म्हणजे त्यात तुमच्या चाळीचा, तुमच्या दुकानाचाही वाटा आला. ‘टोल भरत नाहीत, मग कशाला सोडायचं’ हे जुनं उत्तर इथे चालत नाही. बंदीची पाटी तेवढी चालते. रात्री सायलेन्सर फाडत शर्यती लावून ब्रीच कँडीची झोप उडवणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यावर धावतात. त्या सुरक्षित असतात. चाकं मोजून बघा.

(दुचाकीवर माणसं जास्त मरतात, हे खोटं नाही. म्हणूनच इतक्या हजार कोटींत त्यांच्यासाठी वेगळी मार्गिका आखावी, असं एखाद्याला सुचलं असतं. आपल्याकडे बंदी घालायच्या गाड्यांची यादी करायचं सुचलं.)

शिवडीहून समुद्रावरून उरणकडे जाणाऱ्या अटल सेतूची यादी तर वाचनीय आहे. मोटरसायकल, मोपेड, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी, सगळे एका पंगतीला. पंक्तिप्रपंच केला म्हणायची सोय ठेवलेली नाही. चारचाकीला एका फेरीचे 250 रुपये पडतात. तेवढे टिच्चून द्यायची तुमची तयारी आहे? पैशाचा माज दाखवू नका. शिवडीहून उरणला चेंबूर, मानखुर्द, वाशी, बेलापूर असं निघा. पुढे जेएनपीटी बंदराचे कंटेनर भेटतील. त्यांच्या चाकांशेजारी तुम्ही सुखरूप असता, धोका फक्त पुलावर असतो.

वांद्र्याहून दक्षिणेला जायचं तर माहीम, कॅडल रोड, प्रभादेवी, वरळी नाका, हाजी अली, पेडर रोड असा जुनाजाणता रस्ता आहेच. शक्यतो मंगळवार धरा. सिद्धिविनायकापाशी दुर्वा-जास्वंदीच्या पिशव्या सांभाळत भाविक दोन गाड्यांच्या फटीतून निघतात, आणि नेमक्या त्याच फटीतून तुम्हालाही निघायचं असतं. दोन्ही पाय टेकत, ब्रेक दाबत, ‘जरा बाजू, काका’ म्हणत सरकायचं. ज्यांच्यासाठी सागरी सेतू बांधला, त्यातले बरेच जण टोल वाचवायला तिथेच अडकलेले भेटतील. काच खाली करून ते तुम्हालाच सुनावतील, की तुम्हा बाइकवाल्यांमुळे ट्रॅफिक होतं. हसून मान डोलवा.

14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, हा योगायोग. तुम्हाला त्या नाक्यांवर टोल नव्हताच, त्यामुळे माफ काय करायचं असा पेच सरकारला पडला असणार. तो सोडवायला पूल, बोगदा, काहीतरी खुलं करा, असं सुचवून त्यांना आणखी अडचणीत टाकू नका.

हेल्मेट मात्र घाला. हे खरंच सांगतोय. 2022 पासून मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे. सापडलात तर 500 रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित. स्टेशनबाहेर गाडी लावून दोन-दोन हेल्मेटं घेऊन लोकलमध्ये कसं चढायचं, ते ज्याचं त्याने बघावं. संध्याकाळी परत आल्यावर गाडी जागेवर नसेल, तर टोइंगवाल्यांनी उचलली असेल. दुचाकीला तिथे तरी अग्राधिकार आहे, उचलायला हलकी पडते.

राहता राहिले खड्डे. एसयूव्हीचं चाक खड्ड्यातून जातं, स्कूटरचं दहा-बारा इंची चाक खड्ड्यात जातं. पावसाळ्यात वर पाणी, खाली उखडलेला पेव्हर ब्लॉक, मागे डंपर. तर 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आहे: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख, जखमी झालात तर 50 हजार ते अडीच लाख. म्हणून घरच्यांना आरसी, विमा आणि लायसन्स कुठे ठेवलंय ते दाखवून ठेवा. आणि रोजच्या वाटेवरचा कोणता तुकडा महापालिकेचा, कोणता एमएमआरडीएचा, कोणता एमएसआरडीसीचा, याचा नकाशा काढून फ्रिजवर चिकटवा. पंचनाम्याच्या दिवशी तिन्ही खाती तो खड्डा शेजारच्या खात्याचा आहे म्हणतील, आणि नेमका कुठे पडलात हे सांगायला तुम्ही नसाल.